जगभर पसरलेली कंपनी, आतला कट्टा आणि हरवणारी उत्तरं

फिक्स्चरवाला | मंगळवार, रात्री ९:४२

चार देशांत प्लांट असलेली, वाहनांचे भाग बनवणारी एखादी कंपनी घ्या. चाकणला सुटलेला प्रश्न ब्राझीलवाले सहा महिन्यांनी श्रीगणेशापासून सोडवत बसतात. मग कोणीतरी वरून ठरवतं, की आतल्या आत फेसबुकसारखं काहीतरी आणू. व्हिवा एंगेज येतं (हेच पूर्वीचं यॅमर; मायक्रोसॉफ्टने ते २०१२ मध्ये घेतलं आणि २०२३ मध्ये नाव बदललं), नाहीतर स्लॅक, नाहीतर नुसतं टीम्स. पहिले दोन महिने उत्साह असतो. पुढे वाढदिवस, आयुधपूजेचे फोटो आणि साहेबांच्या पोस्टला अंगठे. कामाचे प्रश्न गुपचूप व्हॉट्सअ‍ॅपवर परततात.

दोष बहुतेक वेळा साधनाचा नसतो. एकाच जागेला कट्टाही व्हायला सांगतात आणि कपाटही. कट्ट्यावर माणूस विचारतो, वाद घालतो, चुकतो. कपाटात तपासलेली वस्तू नाव लिहून ठेवलेली असते. कट्ट्यावरचं उत्तर उचलून कपाटात ठेवणारा माणूस नेमला नसेल, तर कितीही महागडं लायसन्स घ्या, उत्तर तिसऱ्या आठवड्यात स्क्रोलखाली गाडलं जातं. खालची मांडणी याच एका कामाभोवती आहे.

चॅनेल विषयाचे करा, गावाचे नकोत. "चाकण-क्वालिटी" नावाच्या चॅनेलमध्ये जर्मनीचा माणूस डोकावणार नाही. "मदत-लीकटेस्ट", "मदत-डायकास्टिंग", "मदत-पॅकिंग" असे करा. नावाआधी "मदत" किंवा "सूचना" लावलं, की इथे विचारायचं का फक्त वाचायचं हे कळतं. सुरुवातीला पाच-सहा पुरे. चाळीस चॅनेल उघडले की चाळीस ओसाड ओसऱ्या होतात, आणि ओसाड ओसरीवर कोणी बसत नाही.

सगळे चॅनेल उघडे ठेवा. बंद ठेवायचा असेल तर कारण लिहून द्यायचं. उलटं करू नका.

प्रश्नाचा साचा. सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. नेहमी दिसणारा प्रश्न असा:

"लीक टेस्टला रिजेक्शन वाढलंय. कोणाला काही आयडिया?"

(लीक टेस्ट म्हणजे बंद केलेल्या भागात हवा भरून दाब घटतो का ते बघणं.) याला उत्तर येत नाही. आलं तरी "सील तपासा" एवढंच. तोच प्रश्न असा लिहिला तर:

"अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग, आतलं आकारमान ३५० घनसेंमी. हवेने दाबघट पद्धतीची चाचणी, दाब १ बार गेज. भरणं ४ सेकंद, स्थिरावणं ६, मोजणी ५. मर्यादा ६० पास्कल. रिजेक्शन फक्त पहिल्या पाळीत, सकाळी ६ ते ९, डिसेंबरपासून. सील बदलले, फरक नाही. मास्टर पार्ट पास होतो. नापास झालेले भाग दुपारी पुन्हा लावले की पास होतात."

शेवटची दोन वाक्यं वाचूनच जाणकाराच्या लक्षात येतं, की मशीन ठीक आहे (मास्टर पार्ट म्हणजे खात्रीचा चांगला नमुना, तो पास होतोय), सील ठीक आहेत आणि भाग सकाळी थंड आहेत. उघड्या शेडमध्ये रात्रभर राहिलेल्या थंड हाउसिंगमध्ये त्यामानाने कोमट हवा भरली की ती आत थंडावते आणि दाब उतरतो. यंत्राला ती गळती वाटते. हिशोब सोपा आहे: १ बार गेज (वातावरणाच्या दाबाच्या वर १ बार) म्हणजे निरपेक्ष दाब सुमारे २ बार, म्हणजे २,००,००० पास्कल. त्याला २९३ केल्विनने भागलं की दर अंशाला सुमारे ६८० पास्कल. मोजणीच्या ५ सेकंदांत आतली हवा नुसती ०.१ अंशाने थंडावली तरी ६८ पास्कल, म्हणजे मर्यादा ओलांडली.

म्हणून साच्यात पाचच रकाने ठेवा: काय आहे, आकडे आणि एकक, कधी होतं आणि कधी होत नाही, काय करून पाहिलं, कधीपर्यंत उत्तर हवं. "कधी होत नाही" हा रकाना लोक गाळतात. अर्धं निदान त्याच रकान्यात असतं. स्लॅकमध्ये वर्कफ्लो बिल्डरने याचा फॉर्म होतो. एंगेजमध्ये पोस्टचा प्रकार "प्रश्न" निवडा आणि साचा चॅनेलच्या वर पिन करा.

राखणदार. प्रत्येक चॅनेलला दोन, दोन वेगळ्या कालपट्ट्यांतले. काम असं: २४ तासांत कोणीच बोललं नाही तर योग्य माणसाला टॅग करणं. ७२ तासांत उत्तर नसेल तर फोन उचलणं आणि फोनवर मिळालेलं उत्तर स्वतः तिथे लिहिणं. प्रश्न सुटल्यावर "सर्वोत्तम उत्तर" अशी खूण करणं. आणि दहा दिवसांच्या आत त्याचं कार्ड करून कपाटात ठेवणं. हे आठवड्याला दोन-तीन तासांचं काम आहे. ते वार्षिक उद्दिष्टांत लिहून घ्या. "जमेल तसं बघ" म्हटलेलं काम कोणालाच जमत नाही.

कार्ड. कॉन्फ्लुअन्स, शेअरपॉइंट, काहीही चालेल. एक पान, त्याहून मोठं नको. लक्षण, कारण, तपासायचं कसं, उपाय, कुठे लागू नाही, कोणी सोडवलं, कोणी तपासलं, पुढच्या तपासणीची तारीख. मूळ चर्चेची लिंक खाली. आणि मूळ चर्चेत कार्डाची लिंक. हा उलटा दुवा विसरला की शोधणाऱ्याला वादच सापडतो, निकाल सापडत नाही.

पुढचं जाणकारांनी भरावं.

---

दुसरी_पाळी | मंगळवार, रात्री १०:१५

चांगला धागा. पण यात लाइनवरचा माणूस कुठे आहे? लीक टेस्टचे भाग दुपारी पास होतात हे सर्वांत आधी ऑपरेटरला कळतं. त्याच्याकडे कंपनीचा ईमेल नसतो, म्हणून लॉगिन नसतं. मायक्रोसॉफ्टमध्ये अशांसाठी एफ१ आणि एफ३ ही स्वस्त लायसन्सं आहेत. ती न घेता "आमचं शेअरिंग कल्चर" म्हणून पोस्टर लावण्यात काही अर्थ नाही.

लायसन्स घेतल्यावर पुढच्या अडचणी:

पासवर्ड. दर ९० दिवसांनी बदलायला लावला की दुसऱ्यांदा कोणी लॉगिन करत नाही. लाइनवर सामायिक टॅबलेट असेल तर तो शेअर्ड डिव्हाइस मोडमध्ये बसवा, म्हणजे एकाने साइन आउट केलं की सगळ्या अ‍ॅपमधून बाहेर पडतो. नाहीतर पहिल्या पाळीच्या माणसाच्या नावाने तिसऱ्या पाळीचे प्रश्न पडतात.

टॅबलेट कुठे ठेवायचा? ऑफिसच्या दारात नको, सुपरवायझरच्या टेबलावर तर मुळीच नको. मशीनवर क्यूआर लावा. तो थेट त्या मशीनच्या विषयाच्या चॅनेलवर गेला पाहिजे, पोर्टलच्या मुखपृष्ठावर नाही. तेलकट हाताने चार वेळा बोट लावायला कोणाला वेळ आहे?

भाषा. माणसाला मराठीत बोलू द्या. तीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यात भाग, डायल आणि आवाज. इंग्रजीत उतरवण्याचं काम राखणदाराचं. ऑपरेटरला इंग्रजीत लिहायला लावलं की तो "प्रॉब्लेम इन मशीन" एवढंच लिहितो. त्याला बरंच काही माहीत असतं, ते तसंच राहतं.

आणि नाव ऑपरेटरचंच टाका. उतरवणाऱ्याचं नाही.

---

फिक्स्चरवाला | मंगळवार, रात्री १०:३१

शेवटची ओळ फार महत्त्वाची. कार्डावर "कोणी सोडवलं" आणि "कोणी लिहिलं" हे दोन वेगळे रकाने करतो.

---

श्टुटगार्टकर | बुधवार, पहाटे १:०८

कालपट्ट्यांबद्दल थोडं नेमकं. "२४ तास" हे घड्याळाचे धरू नका, कामाचे धरा.

पुणे आणि श्टुटगार्टमध्ये उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. पुणे आणि डेट्रॉइटमध्ये साडेनऊ किंवा साडेदहा. साओ पाउलोत साडेआठ. ब्राझीलने २०१९ पासून घड्याळ मागेपुढे करणं सोडलं. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत सोडलं, म्हणजे मध्य मेक्सिको आता बारा महिने पुण्यापेक्षा साडेअकरा तास मागे. अमेरिका घड्याळ पुढे करते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत आणि शरदात एका आठवड्यात नेहमीच्या बैठका एक तास सरकतात. "राखणदार आला नाही" या तक्रारी नेमक्या त्याच दिवसांत येतात.

व्यवहारात: पुण्याहून संध्याकाळी ५ ला टाकलेला प्रश्न जर्मनीत दुपारी दीड किंवा साडेबाराला पोचतो आणि त्याच दिवशी उत्तर मिळू शकतं. मेक्सिकोला तेव्हा पहाटेचे साडेपाच. म्हणून राखणदारांची जोडी पुणे-जर्मनी अशी करू नका, ते दोघे जवळजवळ एकाच वेळी जागे असतात. पुणे-मेक्सिको किंवा जर्मनी-मेक्सिको करा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण भाग याच्यामुळेच स्क्रॅप होतात. जर्मन आणि ब्राझिलियन माणूस दशांशासाठी स्वल्पविराम वापरतो. त्याने लिहिलेलं १,२५० म्हणजे सव्वा. आपण वाचतो साडेबाराशे. भाषांतराचं बटण शब्द बदलतं, आकडा बऱ्याचदा तसाच सोडतं. उपाय असा की चॅनेलच्या नियमात लिहा: दशांशाला टिंब, हजाराला काहीच चिन्ह नाही, आकड्यापुढे एकक सक्तीचं. मूळ लेखातलं २,००,००० पास्कल या नियमाने २०० किलोपास्कल व्हायला हवं. टॉर्क न्यूटन-मीटरमध्येच, आपल्याकडे जुन्या रेंचवर किलोग्रॅम-मीटर असतं, फरक ९.८१ पट. तारखेत महिना अक्षरी. ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च.

तिसरी, जर्मनीत प्लांट असेल तर कामगार प्रतिनिधींचं मंडळ, तिथला बेट्रीब्सराट. कर्मचाऱ्यांचं वागणं किंवा कामगिरी नोंदवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन आणताना या मंडळाला सहनिर्णयाचा कायदेशीर हक्क आहे, अशा मंडळांविषयीच्या तिथल्या कायद्याच्या कलम ८७ खाली. कोण किती वेळा लॉगिन होतो, कोणी किती उत्तरं दिली, याचा व्यक्तिनिहाय तक्ता काढणारं फीचर त्यात येतं. मंडळाला शेवटी विचारलं तर सगळं तिथेच अडतं. आधी जा आणि लेखी द्या: व्यक्तिनिहाय आकडे बंद, फक्त चॅनेलनिहाय. त्याने आपल्याकडच्याही लोकांचं भलं होतं.

---

गुणाकार | बुधवार, सकाळी ८:२०

लोक लिहीत नाहीत यावर सरळ उपाय आहे की. गुण द्या. उत्तराला १०, कार्डाला ५०, महिन्याला पहिल्या तिघांना व्हाउचर. माणूस फायद्याशिवाय हलत नाही.

---

जुनंखोड | बुधवार, सकाळी ११:०५

गुणाकारसाहेब, हा प्रयोग पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे आणि त्याचा निकाल लिहून ठेवलेला आहे.

इन्फोसिसने २००० च्या सुमारास केशॉप नावाचं ज्ञानभांडार उभं केलं आणि योगदानाला "नॉलेज करन्सी युनिट" नावाचं चलन दिलं. लिहिणाऱ्याला युनिटं, तपासणाऱ्याला युनिटं, वाचणाऱ्याने दिलेल्या गुणांवर युनिटं. काही महिन्यांत लेखांचा पूर आला. लेख इतके झाले की तपासनीस कमी पडले, गुण सढळ हाताने पडू लागले आणि नेमकं हवं ते शोधणं अवघड झालं. शेवटी योजना बदलावी लागली. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर सविस्तर लिहिलं आहे.

सीमेन्सच्या दूरसंचार विभागात १९९९ पासून शेअरनेट होतं. तिथेही गुण होते आणि ते वस्तूंवर वटवता येत. तिथलाही धडा तोच: संख्या चढते, मग दर्जासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागते.

उलट झेरॉक्सचं युरेका पाहा, १९९० च्या दशकातलं. फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ एकमेकांना सांगत ती युक्ती त्यात नोंदवली जायची, दुसरे अनुभवी तंत्रज्ञ ती तपासायचे, आणि युक्तीवर देणाऱ्याचं नाव असायचं. जगभरच्या तंत्रज्ञांपर्यंत ते पोचलं. तिथे नावच मोबदला होतं. आपल्या धंद्यात आपल्याइतकंच कळणाऱ्या माणसाने "याने सांगितलं ते बरोबर निघालं" म्हणणं, याची किंमत व्हाउचरला नाही.

द्यायचंच असेल तर वापराला द्या. कार्ड लिहिलं म्हणून काही नको. दुसऱ्या देशातल्या प्लांटने ते वापरून "आमच्याकडे चाललं" असं खाली लिहिलं, तर लिहिणाऱ्याच्या साहेबाला पत्र जाऊ दे. त्याच्या साहेबाला, त्याला नाही. कारण "तू तिकडे मेक्सिकोच्या प्रश्नांना उत्तरं देत बसलास, इथलं काम कोण करणार" असं विचारणारा माणूस तोच असतो.

---

गुणाकार | बुधवार, सकाळी ११:४०

केशॉपचं माहीत नव्हतं. साहेबाला पत्र ही कल्पना मान्य. पण सुरुवातीला तरी लोक कसे येतील? ओसाड ओसरीवर कोणी बसत नाही, असं धागाकर्तेच म्हणतात.

---

जुनंखोड | बुधवार, दुपारी १२:१८

चॅनेल उघडायच्या आधी तीस कार्डं तयार ठेवा. जुने ईमेल, आठ-डी अहवाल (दोषाचं मूळ कारण शोधून लिहिलेले), मेंटेनन्सची वही यांतून ती निघतात. पहिल्याच दिवशी शोधणाऱ्याला काहीतरी सापडलं पाहिजे. आणि जे दोन-तीन जाणकार फोनवर सगळ्यांना उत्तरं देतात, त्यांना फोनवर उत्तर देणं बंद करायला सांगा: "चॅनेलवर टाक, पाच मिनिटांत उत्तर देतो." खरोखर पाच मिनिटांत द्यायचं मात्र. लिहिणारे थोडे आणि वाचणारे फार, हे प्रमाण सगळीकडेच असतं. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ते ९०-९-१ असं मांडलं. तेव्हा नुसते वाचणारे जास्त दिसले म्हणून प्रकल्प फसला असं समजू नका.

---

परवानगी_नाकारली | बुधवार, दुपारी ३:३३

आयटीच्या बाजूने. वरचं सगळं नीट केलं तरी माहिती चार ठिकाणांहून गळते, आणि ही गळती कुठल्याच लीक टेस्टमध्ये सापडत नाही.

एक. टीम्सच्या चॅनेलमध्ये टाकलेली फाइल शेअरपॉइंटवर, म्हणजे टीमच्या मालकीच्या जागेत जाते. खासगी चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या वैयक्तिक साठ्यात राहते. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. तो माणूस नोकरी सोडतो, खातं काढून टाकतात, आणि डीफॉल्ट सेटिंग असेल तर ३० दिवसांनी वनड्राइव्ह पुसायला निघतं. त्यानंतर ९३ दिवस अ‍ॅडमिनला ते परत आणता येतं, तेही कोणाच्या लक्षात आलं तर. ही ३० ची मुदत अ‍ॅडमिन सेंटरमध्ये वाढवता येते, १० वर्षांपर्यंत. वाढवाच. पण खरा उपाय म्हणजे कार्डाला चॅटमधल्या फाइलची लिंक कधीच द्यायची नाही. राखणदाराने फाइल उचलून कार्डाच्या लायब्ररीत ठेवायची.

दोन. मीटिंगचं रेकॉर्डिंग. टीम्समध्ये डीफॉल्ट मुदत १२० दिवस. "सविस्तर रेकॉर्डिंगमध्ये आहे" असं लिहिलेली कार्डं पाचव्या महिन्यात पोकळ होतात. रेकॉर्डिंग ठेवायचंच असेल तर मुदत काढा, आणि कार्डात "मिनिट १४ ते १९" असं लिहा. तासाभराचा व्हिडिओ कोणी बघत नाही.

तीन. स्लॅकचा फुकट प्लॅन. काही छोटी ऑफिसं स्वतःच उघडतात. तिथे ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही, आणि वर्षापेक्षा जुनं आता कायमचं पुसलं जातं. त्याला कपाट म्हणताच येणार नाही.

चार, खुद्द साधनच बंद होणं. गुगलचं करंट्स २०२३ मध्ये बंद झालं. मेटाने वर्कप्लेस बंद करत असल्याचं मे २०२४ मध्ये जाहीर केलं: ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत वापर, मग ३१ मे २०२६ पर्यंत फक्त वाचन, मग संपलं. एक्सपोर्टमधून चर्चा मिळतात, पण खुणा, लिंका आणि कोणी कोणाला उत्तर दिलं हा धागा निम्माशिम्मा तुटतो. कपाट कट्ट्यापासून वेगळं ठेवा, ते याच्यासाठीसुद्धा.

आता कोपायलट, मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस. हल्ली सगळे म्हणतात कार्डं कशाला, एआय चर्चेतूनच उत्तर काढेल. काढतं. पण ज्या चर्चेत चार जणांनी चार तर्क केले आणि निकाल फोनवर लागला, त्यातून ते सर्वांत आत्मविश्वासाने लिहिलेला तर्क उचलतं. आणि विचारणाऱ्याला जे दिसण्याची परवानगी आहे, तेवढंच त्याला दिसतं. याच्या दोन बाजू: बंद चॅनेलमधलं चांगलं उत्तर कोणालाच मिळत नाही, आणि कोणीतरी २०१९ मध्ये "बाहेरचे सोडून सर्वजण" या गटाला दिलेली पगाराची शीट सर्वांना मिळते. एआय चालू करण्याआधी त्या गटाला दिलेल्या परवानग्यांचा अहवाल काढून साफसफाई करा. कार्डावरची "पुढच्या तपासणीची तारीख" उलटली की कार्ड आपोआप जुन्या लायब्ररीत जाऊ द्या आणि ती लायब्ररी शोधातून वगळा.

---

अनुस्वार | बुधवार, सायंकाळी ६:१२

दुसरी_पाळी यांनी मराठी व्हिडिओचं लिहिलं त्यावर पुरवणी. कार्डात मराठी शब्द घातले तरी शोध लागेलच असं नाही. एकाच शब्दाची रूपं बघा: व्हायब्रेशन, वायब्रेशन, कंपन, आणि फोनवर रोमन लिपीत टाइप केलेलं वेगळंच. "लिकेज" का "लीकेज"? शिवाय "दुसऱ्या"मधला अर्धा र काही कीबोर्ड वेगळ्या कोडने लिहितात. डोळ्यांना एकच दिसतो, साध्या शोधाला दोन शब्द वाटतात.

इलाज गावठी पण खात्रीचा: कार्डाच्या तळाशी "लोक काय म्हणतात" असा रकाना. त्यात लाइनवर बोलतात ते सगळे शब्द, चुकीच्या स्पेलिंगसकट, दोन्ही लिप्यांत. पोर्तुगीज आणि स्पॅनिशवाल्यांनाही हेच करायला सांगा. त्यांच्याही अक्षरांवरच्या खुणा लोक टाइप करत नाहीत.

---

शून्य_दोष | बुधवार, रात्री ८:४७

मोजायचं काय? व्यवस्थापनाला दर महिन्याला स्लाइड हवी असते आणि तिथे "सक्रिय सदस्य ७०%" लिहून मोकळे होतात. वाढदिवसाला केक चिकटवला तरी माणूस सक्रिय.

---

फिक्स्चरवाला | बुधवार, रात्री ९:२०

चार आकडे पुरे. ७२ तासांत उत्तर न मिळालेले प्रश्न. पहिल्या उत्तराला लागलेला वेळ, सरासरी न घेता मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावले की मधला). एखादा तीन महिने पडलेला प्रश्न सरासरी बिघडवतो. विचारणारा आणि उत्तर देणारा वेगळ्या देशातला असं किती वेळा झालं; हा आकडा नगण्य असेल तर एवढा खटाटोप कशाला, गावातल्या गावात ईमेल चाललाच असता. आणि शोधून काहीच न सापडलेले शब्द. ही शेवटची यादी राखणदाराने दर सोमवारी बघायची. पुढची कार्डं कुठली लिहायची ते तीच सांगते.

श्टुटगार्टकरांच्या अटीप्रमाणे सगळं चॅनेलनिहाय. माणसांची नावं नाहीत. आणि दशांश-हजाराचा नियम मान्य, कार्डात २०० किलोपास्कल केलं.

---

कलम_आणि_कागद | गुरुवार, सकाळी ९:५५

"सगळे चॅनेल उघडे" याला एक अपवाद घाला, नाहीतर कायदा खातं येईल. अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येणारी तांत्रिक माहिती दुसऱ्या देशाच्या नागरिकाला दिसू देणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते, मग तो माणूस अमेरिकेतल्याच ऑफिसात बसलेला का असेना. विमान किंवा संरक्षणाचे भाग बनवणाऱ्या प्लांटचं ड्रॉइंग उघड्या चॅनेलवर पडलं, तर डिलीट करून प्रश्न मिटत नाही. अशा प्रकल्पांसाठी वेगळं बंद चॅनेल, नागरिकत्व तपासून सदस्यत्व, आणि तिथून उघड्या चॅनेलवर काय नेता येईल हे ठरवणारा एक नेमलेला माणूस.

ग्राहकांचंही तेच. फोटोत ग्राहकाचं लेबल, पार्ट नंबर, मागच्या भिंतीवरचा प्रकल्पाचा फलक दिसतो. गुप्ततेचा करार मोडायला एक फोटो पुरतो. नियम साधा ठेवा: फोटो फक्त भागाचा, जवळून, कापडावर ठेवून. कार्डात ग्राहकाचं नाव नाही. "अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग, ३५० घनसेंमी" एवढ्यावर तांत्रिक माणसाचं भागतं.

---

तिसरी_कसोटी | गुरुवार, दुपारी २:०४

धागा उत्तम, पण मूळ लेखातलं लीक टेस्टचं उदाहरण अर्धंच आहे. थंड भागाने चांगला भाग नापास होतो हे बरोबर. धुलाई यंत्रातून ४५-५० अंशाला निघालेला भाग तसाच गरम लावला तर उलटं होतं: आत भरलेली हवा तापते, दाब चढतो आणि खरी गळती झाकली जाते. गळका भाग पास. थंड भागाने फक्त रिजेक्शन वाढतं, हा दुसरा प्रकार थेट ग्राहकाकडे पोचतो. भाग आणखी थोडा वेळ फिक्स्चरमध्ये (चाचणीत भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) थंड होत राहिला तर पुन्हा खोटं रिजेक्शन. म्हणजे एकाच कारणाची तीन लक्षणं.

कार्डाचं नाव "सकाळचं रिजेक्शन" असं ठेवलं असेल, तर "गळका भाग पास कसा झाला" असं शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. आणि मास्टर पार्ट खोलीच्या तापमानाला असतो म्हणून तो दोन्ही वेळा बरोबरच येईल, हेही लिहा. लोक मास्टर पास झाला की तापमानाकडे बघायचं सोडतात.

---

फिक्स्चरवाला | गुरुवार, दुपारी २:५०

बरोबर, माझंच चुकलं. कार्ड असं बदललं:

नाव: लीक टेस्ट, भाग आणि हवा यांच्या तापमानातला फरक. लक्षणं: चांगला भाग नापास (भाग थंड, किंवा फिक्स्चरमध्ये थंड होत असलेला), गळका भाग पास (भाग गरम). तपासणी: स्पर्श-तापमापकाने भागाचा पृष्ठभाग आणि टेस्टजवळची हवा, दोन्ही आकडे लिहा, मास्टर पास झाला म्हणून ही पायरी गाळू नका. उपाय: फरक २ अंशांच्या आत येईपर्यंत क्रेट टेस्टजवळ ठेवा, धुलाईनंतर थंड हवेचा टप्पा, जमत असेल तर स्थिरावण्याचा वेळ वाढवा. कुठे लागू नाही: हेलियम चाचणी. लोक काय म्हणतात: लीकेज, लिकेज, सकाळचं रिजेक्शन, खोटं पास, गरम पार्ट. सुधारणा: तिसरी_कसोटी, आवृत्ती २.

२ अंशांचा आकडा ३५० घनसेंमी आणि ६० पास्कलपुरताच धरा. आकारमान लहान किंवा मर्यादा कडक असेल तर आपापल्या भागावर ताडून बघा आणि आकडे इथेच खाली टाका.